सिडकोतला बिगिनर स्पोकन इंग्लिश क्लास: नाव-गाव आणि काम इंग्लिशमध्ये सांगता येत नसेल तर इथं जा

नाशिकला सिडकोत त्रिमूर्ती चौकातून आत गेलं की मेडिकलच्या वर जो संध्याकाळचा स्पोकन इंग्लिश क्लास चालतो त्याच्या बिगिनर बॅचबद्दल लिहितेय. आधीच स्पष्ट सांगते, ज्यांना इंग्लिश वाचता येतं, बिलं, चलान, मेसेज सगळं कळतं, पण समोर कोणी उभं राहून दोन साधे प्रश्न विचारले की घसा कोरडा पडतो, अशांसाठी हा क्लास आहे. ज्यांना आयईएलटीएस द्यायचीय, परदेशात शिकायला जायचंय किंवा ग्रामर पक्कं करायचंय त्यांनी दुसरीकडं बघा, इथं तुमचे पैसे वाया जातील.

मी अंबडला एका कंपनीत डिस्पॅचला आहे. मराठी मीडियम, झेडपीची शाळा, आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्लिश आलं ते २००० साली, म्हणजे माझी धाकटी मावसबहीण त्याच शाळेत पहिलीपासून शिकली आणि मी पाचवीपासून, आणि हा फरक आयुष्यभर दिसतो असं मला वाटतं. पण खरं सांगायचं तर पहिलीपासून शिकलेली पोरंसुद्धा या बॅचमध्ये होती आणि तीही आमच्यासारखीच गप्प बसायची, कारण शाळेत इंग्लिश लिहायचं असतं, बोलायला कोणी लावतच नाही. दहावीला नव्वद मार्क पडलेला पोरगा पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगून खाली बसला, पुढं एक शब्द नाही.

क्लासची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटली ती ही की सुरुवातीचा बराच मोठा काळ फक्त दोनच विषय घेतात, आपली ओळख आणि आपलं काम. बास. टेन्सचे तक्ते नाहीत, ॲक्टिव्ह पॅसिव्ह नाही, पाठांतराला शब्दांची यादी नाही. घरचे विचारायचे की एवढे पैसे भरून नुसतं नाव सांगायला शिकते का. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं की युरोपात भाषा शिकण्याच्या ज्या सहा पायऱ्या ठरवल्यात, ए वन पासून सी टू पर्यंत, २००१ साली ते पुस्तकरूपात आलं, त्यातल्या पहिल्या पायरीतच लिहिलंय की माणसाला स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख करून देता आली पाहिजे आणि कुठं राहता, कोणाला ओळखता असले प्रश्न विचारता आणि त्याची उत्तरं देता आली पाहिजेत. म्हणजे ही काही क्लासवाल्यांची टाइमपास करायची युक्ती नाही, जगभर सुरुवात इथूनच करतात. हे ऐकल्यावर मला जरा धीर आला.

आता प्रत्यक्ष काय करून घेतात ते सांगते कारण फेसबुकच्या जाहिरातीत ते काहीच कळत नाही.

पहिलं म्हणजे मायसेल्फ बंद. आपल्याकडं इंटरव्ह्यूला गेलेला प्रत्येक जण मायसेल्फ अमुक अमुक असंच सुरू करतो, आमच्या बॅचमध्येही झाडून सगळे तसंच बोलले. मॅडम कोणाला हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, आय ॲम म्हणा आणि नाव सांगा, झालं. त्यानंतर नाइस टू मीट यू, आणि तेसुद्धा पहिल्यांदा भेटताना, दुसऱ्या दिवशी तोच माणूस भेटला तर नाइस टू सी यू. एवढंसं आहे पण रोज खुर्च्या बदलून, समोरचा माणूस बदलून, उभं राहून करायला लावतात. बसून बोललेलं चालत नाही. आधी मला हे फार शाळेसारखं वाटलं, पण उभं राहिलं की आवाज मोकळा होतो हे खरंय, कारण आयुष्यात अनोळखी माणसाला आपण उभ्यानंच भेटतो ना.

एक अडचण फार खरी होती आणि ती मॅडमनी बरोबर पकडली. आमच्यात साठीच्या आसपासचे एक काका होते, सिन्नरचे, रिक्षा चालवतात. त्यांना समोरून व्हॉट इज युअर नेम विचारायला कोणाची जीभच वळेना. आपण मोठ्या माणसाला तुम्ही-आम्ही करतो, नाव तर डायरेक्ट विचारतच नाही, आणि इंग्लिशमध्ये लहान-मोठ्या सगळ्यांना एकच यू. सगळ्यांना ते उद्धट वाटत होतं. मॅडमनी सांगितलं की मान द्यायचाय तर वाक्य बदला, मे आय नो युअर नेम, सर? असं विचारा, आणि आवाज खाली ठेवा. काकांना ते इतकं आवडलं की ते नंतर प्रत्येक नव्या माणसाला, अगदी कॉलेजच्या पोरालासुद्धा, मे आय नो युअर नेम, सर? असंच विचारायचे.

गावाबद्दलही तसंच. आपल्याला कोणी कुठले म्हणून विचारलं की आपण मूळ गाव सांगतो आणि राहतो भलतीकडं. माय नेटिव्ह प्लेस इज असं आपल्याकडं चालतं, ऑफिसात सगळे बोलतात, पण बाहेरच्या माणसाला सरळ आय ॲम फ्रॉम सिन्नर, आय लिव्ह इन सिडको असं दोन तुकड्यात सांगितलं की पटकन कळतं. दोन छोटी वाक्यं. एक मोठं वाक्य करायला जाऊ नका, मध्येच अडकता, असं त्या सारखं सांगायच्या आणि फळ्यावरही वाक्यं सहा-सात शब्दांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत.

पण खरी मजा कामाच्या विषयाला आली, आणि यासाठीच मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय.

नाशिकमध्ये कोणालाही विचारा काय करता, उत्तर येतं कंपनीत आहे. सातपूर असो, अंबड असो, सिन्नर असो, कंपनीत आहे. एवढ्यात सगळं आलं असं आपल्याला वाटतं आणि समोरचाही पुढं विचारत नाही. बॅचमधल्या निम्म्या लोकांनी आय ॲम इन कंपनी असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या ओके, अँड व्हॉट डू यू डू देअर? आणि मग सगळे शांत. एक जण म्हणाला आय ॲम सिटिंग, कारण त्याला वाटलं आत्ता काय करतोयस असं विचारलं. व्हॉट डू यू डू म्हणजे तुमचा कामधंदा काय आणि व्हॉट आर यू डूइंग म्हणजे या क्षणी काय चाललंय, हा फरक त्या दिवशी जो डोक्यात बसला तो बसलाच, कारण तो पुस्तकातून आला नव्हता.

मग त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, सकाळी कामावर पोचल्यापासून सुटेपर्यंत हातानं काय काय करता ते मराठीत लिहा. पदाचं नाव नको. सुपरवायझर, असिस्टंट, ऑफिसर असलं काही नको. हातानं काय करता ते लिहा. मी लिहिलं, माल मोजते, बॉक्सवर लेबल लावते, चलान बनवते, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करते, गाडी भरली की गेटपास देते. तेवढीच वाक्यं मग इंग्लिशमध्ये करायची, आय काउंट द पार्ट्स, आय लेबल द बॉक्सेस, आय मेक द डिलिव्हरी चलान, आय कॉल द ट्रान्सपोर्टर, आय गिव्ह द गेट पास. सगळी आय नं सुरू होणारी, सगळी साधी, आणि सगळी शंभर टक्के माझी. दहा वर्षं मी हे काम करतेय आणि मला ते एका भाषेतसुद्धा कधी असं सलग सांगता आलं नव्हतं. तो कागद अजून माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.

तिथूनच मग ग्रामर हळूच आत आणतात. आपल्या मराठीत मी वेल्डर आहे म्हटलं की झालं, इंग्लिशमध्ये मध्ये तो अ लागतो, आय ॲम अ वेल्डर, आणि पुढच्या शब्दाचा पहिला आवाज स्वर असेल तर ॲन, म्हणून ॲन ऑपरेटर, ॲन इलेक्ट्रिशियन, ॲन अकाउंटंट. पण युनियन लीडर यू नं सुरू होऊनही अ युनियन लीडर, कारण तोंडातून येणारा पहिला आवाज य चा आहे. हे आमच्या बॅचमधल्या युनियनवाल्या दादांमुळं निघालं, त्यांनीच विचारलं. तसंच आय वर्क फॉर म्हटलं की पुढं कंपनीचं नाव, आय वर्क इन म्हटलं की पुढं डिपार्टमेंट किंवा शहर, आय वर्क ॲज म्हटलं की पुढं तुमचं पद. आणि आय ॲम डूइंग जॉब हे सोडून द्या, नुसतं आय वर्क पुरतं. या सगळ्यात एकच अवघड वाक्य त्यांनी जसंच्या तसं पाठ करायला लावलं, आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स, आपापला आकडा टाकून, कारण किती वर्षं झाली हा प्रश्न येतोच येतो आणि त्याचं ग्रामर बिगिनरला समजावत बसलं तर महिना जाईल. सिन्स टेन इयर्स म्हणायचं नाही, फॉर म्हणायचं, एवढंच लक्षात ठेवा म्हणाल्या.

नाशिकरोडचा एक मुलगा होता, घरच्यांची ओळख सांगताना म्हणाला माय फादर वर्क्ड इन प्रेस. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, नाशिकमध्ये प्रेस म्हणजे नोटांची प्रेस, विषय संपला. मॅडम म्हणाल्या हे नाशिकच्या बाहेर कोणाला कळणार नाही, लोकांना वाटेल वडील पेपरात होते. मग त्याच्याकडून करून घेतलं, माय फादर वर्क्ड ॲट द गव्हर्न्मेंट प्रेस, दे प्रिंट करन्सी नोट्स देअर. हे बोलल्यावर त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वडिलांचं काम एवढं भारी आहे हे त्याला इंग्लिशमध्ये बोलताना जाणवलं असावं. आणि वडिलांबद्दल, बहिणीबद्दल, नवऱ्याबद्दल बोलताना ही वर्क्स, शी वर्क्स, तो शेवटचा स, त्यावर तर त्यांनी आमचा जीव काढला. माय हजबंड वर्क म्हटलं की त्या नुसत्या थांबायच्या, काही बोलायच्या नाहीत, आपण स लावेपर्यंत बघत राहायच्या.

आणि आता ज्या ताईंबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणारच नाही त्यांच्याबद्दल. उत्तमनगरच्या एक ताई होत्या, सुरुवातीला म्हणाल्या आय ॲम ओन्ली हाऊसवाइफ. मॅडमनी पहिल्यांदाच आवाज चढवला. ओन्ली काढा म्हणाल्या. मग कागद लिहायला बसवलं तेव्हा कळलं की त्या पहाटे चारला उठून वीस डबे करतात, मेसच्या पोरांचे, कंपनीतल्या बॅचलर लोकांचे, नवरा पोचवतो आणि हिशोब त्या ठेवतात. वीस डबे! रोज! आणि स्वतःला ओन्ली हाऊसवाइफ म्हणवून घेत होत्या. त्यांची ओळख शेवटी अशी झाली, आय रन अ टिफिन सर्व्हिस. आय कुक ट्वेंटी टिफिन्स एव्हरी मॉर्निंग. माय कस्टमर्स वर्क इन अंबड. नंतर कोणीही विचारलं तरी त्या मान वर करून एवढंच सांगायच्या आणि मला प्रत्येक वेळी अंगावर काटा यायचा. जर कोणी घरी बसून पापड, ब्लाउज, डबे, क्लासेस असलं काही करत असेल आणि आपल्याला कुठं काम आहे असं म्हणत असेल तर तिला या बॅचला घेऊन जा, फी तुम्ही भरा हवं तर.

दुसरा मुद्दा प्रश्न विचारण्याचा. बऱ्याच क्लासात फक्त उत्तरं शिकवतात. इथं नियम असा की उत्तर दिलं की लगेच उलट प्रश्न विचारायचा, अँड यू? किंवा व्हॉट अबाउट यू? आणि समोरच्यानं जे सांगितलं त्यातूनच पुढचा प्रश्न काढायचा. कोणी म्हणालं आय ॲम अ नर्स तर व्हेअर डू यू वर्क, डू यू वर्क ॲट नाइट, डू यू लाइक इट. भजनात एकानं ओळ सोडली की दुसरा उचलतो तसं उचलायचं. यात कोणी पाठ करून आलेलं चालत नाही कारण समोरचा काय बोलणार माहीतच नसतं, कान उघडे ठेवावेच लागतात. आणि पगार किती, लग्न झालं का, मुलं किती, आडनाव काय म्हणजे तुम्ही कोणातले, हे आपले नेहमीचे प्रश्न पहिल्या भेटीत इंग्लिशमध्ये विचारायचे नाहीत हेही त्यांनी सांगितलं. काही जणांना ते पटलं नाही, विचारपूस केली तर काय बिघडलं म्हणाले, बराच वाद झाला, पण तो वादसुद्धा मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये झाला म्हणून मॅडम खूश होत्या.

फोनवरची ओळख हा वेगळा भाग घेतात आणि तो माझ्या कामाला सगळ्यात जास्त आला. नावाचं स्पेलिंग सांगणं. बी, डी, पी, टी, व्ही हे फोनवर सगळे सारखेच ऐकू येतात, म्हणून बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली असं सांगायची सवय लावतात. नंबर सांगताना आपण डबल नाइन, ट्रिपल फाइव्ह म्हणतो, आपल्याकडं चालतं, पण अमेरिकन माणूस गोंधळू शकतो म्हणून एकेक आकडा सुटा सांगायचा आणि तीन-चार आकड्यांनंतर श्वास घ्यायचा. माझं आडनाव डब्ल्यूनं सुरू होतं आणि पहिल्यांदा मी फोनवर ते स्पेलिंग न अडखळता सांगितलं तेव्हा समोरच्या मुलीनं परत विचारलं नाही, यासारखं सुख नाही.

उच्चाराचं फार अवडंबर नाही, अमेरिकन बोला ब्रिटिश बोला असलं काही नाही. फक्त व आणि व्ह वर भर. आपल्याला दोन्ही एकच वाटतात. वर्क, वी, व्हॉट म्हणताना ओठ गोल करायचे, दात लावायचे नाहीत, आणि व्हेरी, व्हिजिट, ड्रायव्हर म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावायचे. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून स्वतःचं तोंड बघत हे करायला लावतात. आय ॲम अ ड्रायव्हर, आय वर्क एव्हरी डे, हे सिन्नरच्या काकांचं वाक्य, दोन्ही आवाज एकाच वाक्यात आले म्हणून सगळ्या बॅचला तेच दिलं होतं.

फायदा झाला का तर हो. आमच्या कंपनीत मध्यंतरी जर्मनीहून कस्टमरची माणसं ऑडिटला आली होती. एरवी असले लोक आले की आम्ही डिस्पॅचवाले मान खाली घालून काम करतो आणि क्वालिटीचे साहेब सगळं बोलतात. त्यातली एक बाई माझ्या टेबलापाशी थांबली, लेबलं बघितली आणि म्हणाली, अँड व्हॉट डू यू डू हिअर? साहेब बोलायला पुढं सरकले तोवर मी सुरू केलं होतं. नाव सांगितलं, आय वर्क इन डिस्पॅच, आय काउंट द पार्ट्स, आय लेबल द बॉक्सेस, आणि दहा वर्षांचं ते वाक्य. ती बाई हसली आणि तिनं पुढचा प्रश्न विचारला, चुकीचं लेबल लागलं तर काय करता म्हणून. तो प्रश्न मला पूर्ण कळला, उत्तर तुटक दिलं, आय स्टॉप द बॉक्स, आय कॉल क्वालिटी, पण दिलं. तिनं मान हलवून लिहून घेतलं. एवढंच. यापेक्षा जास्त इंग्लिश मला आजही येत नाही, पण माझं काम मी स्वतः सांगितलं.

आधी मी दुसरीकडं एक क्लास केला होता, नाव घेत नाही, तीस दिवसांत फाडफाड इंग्लिशवाला. तिथं सगळ्यांना एकच परिच्छेद दिलेला, आय बिलाँग टू अ मिडल क्लास फॅमिली, माय हॉबीज आर रीडिंग अँड लिसनिंग टू म्युझिक, माय स्ट्रेंग्थ इज हार्ड वर्क. तीस जण तोच परिच्छेद आळीपाळीनं म्हणायचे. पाठ झालं की वाटायचं आलं इंग्लिश, आणि कोणी मध्येच एक साधा प्रश्न टाकला की परिच्छेद तिथंच तुटायचा आणि मग परत पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. पोरापोरींचे पैसे आणि त्याहून जास्त हिंमत जाते अशा ठिकाणी, मला खरंच राग येतो.

आता या क्लासच्या तक्रारी, कारण त्याही आहेत. खोली लहान आहे, एका बॅचला पंचवीस माणसं घेतात, जोड्या जोड्यांनी बोलायला लागलं की नुसता गलका, शेजारचा काय बोलतो कळत नाही आणि ज्यांचा आवाज मुळातच बारीक आहे त्या मुली मागंच राहतात. पंधराच्या वर माणसं घेऊच नयेत, मी मॅडमना तोंडावर सांगितलंय. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं पुसट, काही ठिकाणी स्पेलिंग चुकलेलं, शिकवणाऱ्यांनी तरी हे बघायला हवं. मॅडम रजेवर असल्या की एक सर येतात, माणूस चांगला आहे पण ते तासभर स्वतःच बोलतात, आम्ही ऐकतो, तो दिवस फुकट. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शिफ्टवाल्यांची सोय नाही. अंबड-सातपूरच्या लोकांसाठी क्लास काढलाय तर फर्स्ट-सेकंड शिफ्ट बदलते हे गृहीत धरायला नको का? सेकंड शिफ्टच्या आठवड्यात माझे तास बुडले ते बुडलेच, दुसऱ्या बॅचला बसू देत नाहीत. चार-पाच जणांनी यामुळंच मध्ये सोडलं आणि ते सोडून जाणारे लोक खरं तर ज्यांना गरज जास्त तेच होते.

सर्टिफिकेट मिळतं, रंगीत, लॅमिनेशन केलेलं, त्याला कुठं काही किंमत नाही हे त्या स्वतःच सांगतात. सर्टिफिकेटसाठी जाऊ नका.

घरी सराव कसा करायचा हे मात्र चांगलं सांगतात. व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज रात्री मिनिटभराचा व्हॉइस मेसेज टाकायचा, आज कामावर काय केलं एवढंच, आणि मॅडम त्याला व्हॉइसनंच उत्तर देतात, कधी कधी रात्री अकराला. शिवाय फुकटची साधनं त्यांनी दाखवली, ब्रिटिश कौन्सिलच्या लर्न इंग्लिश साइटवर ए वन चा वेगळा भाग आहे, बीबीसी तर १९४३ पासून इंग्लिश शिकवतेय आणि त्यांचं ॲपही आहे, व्हॉइस ऑफ अमेरिकानं १९५९ साली साधारण दीड हजार शब्दांत, सावकाश वाचलेल्या इंग्लिश बातम्या सुरू केल्या होत्या, त्यांचे बिगिनरसाठीचे धडे यूट्यूबवर सापडतात. मला त्यातलं सावकाश वाचलेलं फार आवडलं, भांडी घासताना लावून ठेवते. पण मोबाइलवर ऐकणं आणि माणसासमोर बोलणं यात फार अंतर आहे. ॲपमध्ये चुकलं की लाल दिसतं आणि आपण पुढं जातो, माणूस समोर असला की त्याच्या चेहऱ्याकडं बघून आपण वाक्य सावरतो, ती सवय क्लासशिवाय लागत नाही असं माझं मत झालंय. ज्यांना घरात बोलायला कोणी इंग्लिशवालं आहे त्यांनी कदाचित क्लास नाही लावला तरी चालेल. माझ्याकडं कोणी नव्हतं.

फी दोन महिन्यांची तीन हजारांच्या आत आहे, दोन हप्त्यात देता येते, बायकांना आणि रिक्षावाल्यांना थोडी सूट देतात. रिक्षावाल्यांना का तर २०२७ च्या सिंहस्थाला बाहेरून माणसं येणार, रामकुंड, पंचवटी, त्र्यंबकेश्वर सगळीकडं फिरवायचंय, म्हणून काकांसारखे बरेच जण यायला लागलेत. आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी साडेसहा ते आठ. कॉलेजच्या पोरांना हा वेग कमी वाटेल, त्यांनी वरची बॅच विचारावी. एकदम एबीसीडीपासून सुरुवात असलेल्यांना मात्र थोडं जड जाईल, अक्षरओळख असेल तरच या.

नाव घालायच्या आधी एक तास बसून बघा, डेमोचे पैसे घेत नाहीत. जाताना आपण दिवसभर काय काम करतो ते मराठीत लिहूनच न्या, पहिल्या दिवशीचा वेळ वाचेल. गाडी मेडिकलच्या समोर लावू नका, दुकानदार हवा सोडतो, चौकाच्या अलीकडं जागा असते. आणि शुक्रवारी जाऊ नका, शुक्रवारी जुन्या बॅचची तोंडी टेस्ट असते, दिवसभर मॅडमना मान वर करायला वेळ नसतो.